बीटेक, बीसीए की एमसीए? आधी नोकरीची जाहिरात वाचा, मग डिग्री ठरवा

बारावीचा निकाल आणि जेईईचा स्कोअर हाती आला, की इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न फिरायला लागतो. “बीटेकला बरं कॉलेज मिळत नाहीये, बीसीए घेतलं तर नोकरी लागेल का?” राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, ओळखीत कुणी आयटीत असेल तर हा प्रश्न त्याच्या दारी येतोच. बीसीए म्हणजे संगणक विषयाची तीन वर्षांची पदवी. उत्तरं दोन टोकांची मिळतात. काका म्हणतात, इंजिनिअरिंगशिवाय काही खरं नाही. ताई म्हणते, आजकाल डिग्री विचारतो कोण, स्किल असलं की झालं.

सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलांच्या निवडीच्या कामात मी असते, आणि दोघांचंही बोलणं अर्धंच खरं आहे असं मला रोज दिसतं. जिथे कुणीतरी पात्रतेची अट लिहून ठेवलेली असते, तिथे डिग्रीचा प्रकार अडवतो. मग मूल कितीही हुशार असो, त्याचा फॉर्मच पुढे सरकत नाही. जिथे अशी अट नाही, तिथे डिग्रीचं नाव पहिल्या नोकरीपुरतं चालतं आणि नंतर मागे पडतं. म्हणून कॉलेजांची यादी करण्याआधी नोकऱ्यांची यादी करा. हे उलट वाटेल, पण तीन-चार वर्षं आणि घरचे लाखो रुपये घालण्याआधी दोन संध्याकाळी यात घालवल्या तर काही बिघडत नाही.

पहिली पायरी: पात्रतेची ओळ शब्दशः वाचा

मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि आवडतील अशा पाच-सहा नोकऱ्यांच्या जुन्या जाहिराती उघडा. पगाराचा रकाना आत्ता सोडा. शैक्षणिक पात्रतेची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या.

सरकारी बँकांतल्या आयटी ऑफिसरचं उदाहरण घेऊ. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या जाहिरातीत या पदासाठी तीन वाटा दिलेल्या असतात. पहिली, संगणक, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांमधली चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी. दुसरी, याच विषयांतली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमसीए किंवा एमएससी. तिसरी, कुठल्याही शाखेची पदवी आणि सोबत डोएकचा ‘बी’ लेव्हल. नुसतं बीसीए यात कुठेच बसत नाही. आणखी एक गोष्ट बघा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचं ऑनर्स बीसीए करता येतं, आणि बऱ्याच पालकांना वाटतं की चार वर्षं झाली म्हणजे बीटेकच्या बरोबरीचं झालं. जाहिरातीत मात्र ‘चार वर्षांची इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची पदवी’ असं असतं. वर्षं तेवढीच झाली तरी ऑनर्स बीसीए इंजिनिअरिंगची पदवी ठरत नाही.

तिसऱ्या वाटेकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. डोएक म्हणजे आजची नायलिट ही केंद्र सरकारची संस्था. तिच्या ओ, ए, बी आणि सी अशा पायऱ्या आहेत. बीसीए किंवा बीएससी झालेल्या मुलीला घरच्या अडचणीमुळे एमसीएसाठी दोन वर्षं देता येत नसतील, तर नोकरी सांभाळून ‘बी’ लेव्हलच्या परीक्षा देता येतात. अभ्यासक्रम सोपा नाही, पण वाट अधिकृत आहे.

इस्रोत संगणक शाखेच्या शास्त्रज्ञ पदासाठी बीई किंवा बीटेक लागतं, तेही किमान 65 टक्के किंवा 10 पैकी 6.84 सीजीपीएसह. तिथे एमसीए चालत नाही. एनआयसीत, म्हणजे सरकारी संकेतस्थळं आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेत, सायंटिफिक असिस्टंटच्या जागेला बीटेक आणि एमसीए दोन्ही चालतात. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा आणि मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाची राज्यसेवा यांना कुठलीही मान्यताप्राप्त पदवी पुरते. शिकवायचं असेल तर विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयांसाठी एमसीए किंवा एमएससी आणि नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, अशी वाट आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात मात्र बीटेकनंतर एमटेक लागतं.

आपल्याकडे डीसीए आणि पीजीडीसीए या संगणक डिप्लोमांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. मध्यप्रदेश सरकारच्या संगणक ऑपरेटर, लिपिक अशा जागांसाठी ते आणि सोबत सीपीसीटी या राज्याच्या संगणक-टायपिंग परीक्षेचं स्कोअरकार्ड कामाला येतं. अशा जागेवर डोळा असेल तर जरूर करा. पण सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर व्हायचं म्हणून कुणी पीजीडीसीएची फी भरत असेल, तर त्याला आधीच थांबवा. डेव्हलपरची वाट तिथून जात नाही.

वहीतल्या पाच-सहा ओळींपैकी तीन-चार ओळींत इंजिनिअरिंग आलं, तर बीटेकसाठी धडपड करायला कारण आहे. एकाही ओळीत नसेल, तर निव्वळ चारचौघांत सांगायला बरं म्हणून शेवटच्या फेरीतल्या कुठल्याही कॉलेजात बीटेक घेऊ नका.

दुसरी पायरी: कुठली डिग्री काय देते ते समजून घ्या

बीटेक आणि बीई यांत नोकरीच्या दृष्टीने फरक नाही. कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी या शाखांतही भरतीवेळी भेद होत नाही, त्यावर घरात वाद घालू नका. आता एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा नावांच्या शाखा निघाल्या आहेत. खासगी कंपन्या त्यांना कॉम्प्युटर सायन्सच्या बरोबरीने धरतात. सरकारी उपक्रमांच्या जाहिरातीत मात्र शाखांची नावं लिहिलेली असतात, आणि नवी नावं त्या यादीत असतीलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट लेखी विचारा, डिग्री सर्टिफिकेटवर नेमकं काय छापून येणार? ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ आणि पुढे कंसात विशेष विषय असेल तर तुम्ही सुरक्षित आहात. नुसतंच नवं नाव असेल, तर वहीतल्या ओळींशी ताडून बघा. एआयकडेच जायचं असेल तर गेट या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, आणि तो देण्यासाठी त्याच नावाची डिग्री लागत नाही.

इंदुरात सरकारी वळणाचे चांगले पर्याय म्हणजे 1952 साली सुरू झालेलं एसजीएसआयटीएस आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं आयईटी. दोन्हीकडचे प्रवेश राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या काउन्सेलिंगमधून जेईई मेनवर होतात. सिमरोलच्या आयआयटीचा रस्ता अर्थातच जेईई ॲडव्हान्स्डचा. याखालच्या खासगी कॉलेजांत गुणवत्तेचा पल्ला फार मोठा आहे, म्हणून एखाद्या कॉलेजला सरसकट चांगलं किंवा वाईट न म्हणता शाखेला एनबीए मान्यता आहे का ते बघा. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यता आहेत. नॅक संपूर्ण कॉलेजचं असतं, एनबीए त्या शाखेचं असतं. जाहिरातीच्या फलकावर नॅकची श्रेणी ठळक असते, म्हणून एनबीएबद्दल आपणच विचारावं लागतं.

बीसीए तीन वर्षांचं आहे आणि 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलं आहे. त्यात प्रोग्रॅमिंग बरंच असतं, पण गणित, संगणकाची अंतर्गत रचना आणि अल्गोरिदम हे भाग बऱ्याच ठिकाणी पातळ शिकवले जातात. बीएससी कॉम्प्युटर सायन्सची गतही साधारण तशीच आहे, फक्त सोबत गणित किंवा भौतिकशास्त्र घेतलं असेल तर पाया पक्का होतो.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, एआयसीटीईने 2020-21 पासून ते दोन वर्षांचं केलं. त्यामुळे आज बीसीए आणि एमसीए मिळून पाच वर्षं लागतात, बीटेकपेक्षा एकच वर्ष जास्त. माझं मत विचाराल तर मध्यम दर्जाच्या खासगी कॉलेजातल्या महागड्या बीटेकपेक्षा चांगल्या सरकारी विभागातलं बीसीए-एमसीए पुष्कळ मुलांना जास्त मानवतं. फी कमी लागते, बारावीनंतर सावरायला वेळ मिळतो आणि शेवटी बहुतेक कंपन्यांच्या अर्जात एमसीए बीटेकच्याच रांगेत बसतं.

पण इथे एक फट आहे. एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही परीक्षा असते आणि तिला पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय लागतो, शिवाय किमान 60 टक्के. बारावी कॉमर्सची मुलं बीसीएला येतात तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या बीसीएत गणिताचा पेपर आहे की नाही हे कुणी बघत नाही. तिसऱ्या वर्षी फॉर्म भरताना ते लक्षात येतं, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. प्रवेशाच्याच दिवशी सहाही सेमिस्टरच्या विषयांची यादी मागून घ्या.

तिसरी पायरी: मोठ्या कंपन्यांची दारं वेगवेगळी आहेत

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस उभे राहिले, तेव्हापासून आपल्याकडे ‘टीसीएसमध्ये लागला’ हे एकच वाक्य झालं आहे. पण ही नेमणूक कुठल्या दारातून झाली, त्यावर पुढची काही वर्षं ठरतात. टीसीएसमध्ये बीटेक आणि एमसीएसाठी निंजा, डिजिटल, प्राइम अशा श्रेणी आहेत. बीसीए आणि बीएससीसाठी स्मार्ट हायरिंग नावाची वेगळी भरती होते. विप्रोची डब्ल्यूआयएलपी ही योजना बीसीए-बीएससीच्या मुलांना कामावर घेते आणि कंपनीच्या खर्चाने एमटेक करवते. ज्या घरात पुढच्या शिक्षणाला पैसा नाही तिथे ही योजना खरोखर मोलाची आहे. फक्त त्यात कराराचा काळ मोठा असतो, तो सही करण्याआधी पालकांनीही वाचावा.

पद, सुरुवातीचा पगार आणि पहिल्या प्रोजेक्टचं स्वरूप या दारांप्रमाणे बदलतं. बीसीएवाल्याला पुष्कळदा टेस्टिंग, सपोर्ट किंवा ऑपरेशन्समधून सुरुवात करावी लागते आणि डेव्हलपमेंटकडे यायला स्वतः जोर लावावा लागतो. हे आधी माहीत असलं की मन खट्टू होत नाही.

कॅम्पस भरतीत आणखी एक चाळणी असते. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे 60 टक्के मागतात आणि थकलेला विषय असेल तर बसू देत नाहीत. दहावीचे गुण आता बदलणार नाहीत, पण बॅकलॉग आपल्या हातात आहे. पहिल्या वर्षीच्या गणितात राहिलेला विषय ‘नंतर काढू’ म्हणून ठेवू नका. सीजीपीए असेल तर त्याचे टक्के कसे होतात याचं विद्यापीठाचं पत्रही आधीच काढून ठेवा. ऐन वेळी त्यासाठी खिडकीसमोर उभं राहण्यात भरतीची तारीख निघून जाते.

चौथी पायरी: छोट्या आणि मध्यम कंपन्यांत काय चालतं

इंदुरात नोकऱ्यांचा मोठा वाटा इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, इन्फोबीन्स अशा कंपन्यांचा आणि क्रिस्टल आयटी पार्कपासून विजयनगरपर्यंत पसरलेल्या लहान कचेऱ्यांचा आहे. लहान कंपन्यांत पात्रतेची ओळ सैल असते. ‘बीटेक/एमसीए/बीसीए’ असं एका दमात लिहिलेलं असतं. तिथे निवड मुलाखतीच्या टेबलावर होते, म्हणून तिथलं थोडं जवळून सांगते.

एका बीसीएच्या मुलाने मेडिकल दुकानाच्या स्टॉकचा प्रोजेक्ट केला होता. विषय अगदी साधा. मी विचारलं, पुढच्या महिन्यात मुदत संपणारी औषधं कशी काढशील? त्याने कागदावर डेटाबेसमधून माहिती काढणारी एसक्यूएलची क्वेरी लिहिली. मग विचारलं, एकाच औषधाचे दोन लॉट असतील तर? तो म्हणाला, “मॅडम, आधी मी एका औषधाची एकच ओळ ठेवली होती. दुकानदार काका म्हणाले, अरे, मागच्या महिन्याचा माल वेगळा, या महिन्याचा वेगळा, दोघांची तारीख वेगळी. मग मी औषधांचं टेबल वेगळं केलं आणि बॅचचं वेगळं.” डेटाबेसच्या पुस्तकात नॉर्मलायझेशन म्हणून जे शिकवतात ते त्याला दुकानाच्या काउंटरवर कळलं होतं, आणि का केलं हेही सांगता येत होतं.

त्याच सुमारास एका बीटेकच्या मुलीच्या बायोडेटावर चेहरा ओळखून हजेरी घेणारा प्रोजेक्ट होता. एकाच दिवशी दोनदा चेहरा दिसला तर हजेरी दोनदा लागेल का, एवढंच विचारलं, आणि ती गप्प झाली. प्रोजेक्ट विकत आणला होता. मुलगी हुशार होती, तिच्या कॉलेजात सगळेच असं करत होते, म्हणून मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. विकत घेतलेला प्रोजेक्ट दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. आई-बाबांनी त्यासाठी पैसे देऊ नयेत.

त्या बीसीएच्या मुलाला आम्ही घेतलं आणि त्याने उत्तम काम केलं. पुढे त्याला सरकारी बँकेची स्थिर नोकरी हवीशी वाटली, तेव्हा आयटी ऑफिसरचा फॉर्म त्याला भरता आला नाही. काम येत असूनही अट आडवी आली. आता तो नोकरी सांभाळून एमसीए करतो आहे.

पाचवी पायरी: डिग्री आधीच घेतली असेल तर

बीसीए किंवा बीएससीच्या दुसऱ्या वर्षात असाल, तर अभ्यासक्रमातल्या फटी आताच बुजवा. क्रम असा ठेवा: एक भाषा नीट, मग डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, मग डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे हे सगळे कोर्स एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. गिट आणि लिनक्सची सवय प्रोजेक्ट करताकरता लावून घ्या, त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही.

दुसरी सोय अशी, की 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस कार्यक्रम जेईईशिवाय, त्यांची पात्रता प्रक्रिया पार करून करता येतो. वर्ग ऑनलाइन असतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अभ्यास भरपूर आहे, दोन्ही पेलत नसेल तर एकच नीट करा. नोकरी लागलेल्यांना इग्नूचं एमसीए आहे. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धरल्या जातात. इंजिनिअरिंगची पदवी मात्र दूरस्थ पद्धतीने मिळत नाही, कुणी देतो म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पुण्याला मावशीकडे राहून सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा कोर्स करायचा, हा आपल्या घरांतला जुना बेत आहे आणि तो चांगला आहे. सीडॅकचा साधारण सहा महिन्यांचा पीजी-डॅक अभ्यासक्रम सी-कॅट परीक्षेतून मिळतो आणि कंपन्या त्याला मान देतात. पण तिथेही पात्रता प्रामुख्याने इंजिनिअरिंग, एमसीए किंवा एमएससीची असते. बीसीएनंतर थेट पुण्याची खोली बघू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचा.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलच्या मुलांनी घाबरू नये. मोठ्या आयटी कंपन्यांच्या बऱ्याच भरतीत कुठलीही इंजिनिअरिंग शाखा चालते, आणि सीडॅकलाही चालते.

सहावी पायरी: परदेशाचा विचार असेल तर वर्षं मोजा

अमेरिकेतली अनेक विद्यापीठं एमएससाठी सोळा वर्षांचं शिक्षण बघतात, म्हणजे बारावीनंतर चार. काही तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, पण निवड कमी होते. तिथल्या नोकरीच्या एच-1बी व्हिसासाठीही तीन वर्षांची पदवी एकटी पुरत नाही. तिथे कामाची तीन वर्षं शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरली जातात, म्हणून बीसीएवाल्याची वाट बंद नाही, लांब आहे. ऑनर्सचं चौथं वर्ष सरकारी बँकेच्या फॉर्मला उपयोगी पडलं नाही तरी इथे उपयोगी पडू शकतं. जर्मनीसाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र बंधनकारक झालं, आणि आपलं विद्यापीठ जर्मनीच्या अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या यादीत कसं नोंदलं आहे ते घरी बसून तपासता येतं. ब्रिटनमध्ये मूळचीच पदवी तीन वर्षांची असल्याने हा प्रश्न तितका येत नाही.

शेवटची पायरी: प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात काय विचारायचं

प्लेसमेंटच्या फलकावरचे हसरे फोटो बघून येऊ नका. आपल्याच शाखेच्या गेल्या वर्षीच्या मुलांची यादी मागा, आणि त्यात पद काय होतं ते बघा, कारण कॉल सेंटरची नेमणूकही त्याच फलकावर मोजलेली असते. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांपैकी बीसीएच्या मुलांना कुणी बसू दिलं, हे वेगळं विचारा. एकाच कॉलेजात बीटेकला आलेल्या कंपन्या बीसीएचा विचार करतीलच असं नाही. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून लॅब किती वाजता बंद होते ते विचारा. मूळ मार्कशीट कॉलेजने ठेवून घ्यायचा आग्रह धरला तर पडताळणी करून परत मागा, आणि फी परतीचा नियम पावतीसोबत लेखी घ्या. काउन्सेलिंगच्या पुढच्या फेरीत एसजीएसआयटीएस किंवा आयईटी मिळालं, तर तेव्हा तीच कागदपत्रं दुसऱ्या दिवशी हवी असतात.